ताईचा मेणाचा हात

टूरवाल्याने मला फसवलं, आणि मी माझ्या सख्ख्या बहिणीला. पहिली गोष्ट मी मुलुंडभर सांगितली आहे. दुसरी कोणालाच नाही — बायकोलाही नाही.

आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं. माझं टाइल्सचं दुकान उभं राहिलं तेही तिच्या जिवावर. तीन वर्षांपूर्वी तिच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, उजवा हात लुळाच राहिला. बांद्र्याच्या जत्रेत मेरीला दुखऱ्या अवयवाची मेणाची प्रतिकृती वाहतात; तिने दोनदा मेणाचा हात वाहिला. पुढे मी एका टूरबरोबर फ्रान्सला निघालो; ताई घरीच राहणार होती. टूरच्या यादीत सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंच्या मठाचं आठ-नऊशे वर्षांचं चर्च होतं, मेरीच्याच नावाचं. ताईने तिसरा हात माझ्या बॅगेत ठेवला. "जुनी माऊली आसा रे बाबू, ती ऐकतली."

तिथे तासभर थांबायचं ठरलं होतं. गाइड म्हणाला, वीस मिनिटं. मी खवळलो, दारातच भांडत राहिलो. का? दुकानात जिंकतो तसं तिथेही जिंकायचं होतं. पाच मिनिटं उरली.

आत नुसता दगड. चित्र नाही, रंगीत काच नाही, पेटती मेणबत्ती नाही. एक म्हातारा साधू बाकं पुसत होता. हात कुठे वाहू, हे त्याला विचारता आलं असतं — खुणेने का होईना. तेवढ्यात आमच्यातला एक म्हणाला, "काय शेट, इथेपण भाव करणार काय?" सगळे हसले. त्यांच्यासमोर मेणाचा हात काढायची मला लाज वाटली. मला! बाहेर येऊन तो कचऱ्याच्या डब्यात टाकला.

ताईला सांगितलं, साधूने दोन्ही हातांनी घेतला, डोळे मिटले.

तिने हाताचा व्यायाम घेणाऱ्या फिजिओवालीला बंद केलं. "आता माऊली बघतली." मी अडवलं? अडवायचं तर खरं सांगावं लागलं असतं. दर रविवारी ती मला साधूची हकीकत पुन्हा सांगायला लावते, आणि मी — दर वेळी थोडी वाढवतो. आता तिची बोटं मुठीत वळून बसली आहेत. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

गेल्या रविवारी ती डाव्या हाताने एकेक बोट उघडायला बघत होती. म्हणाली, "माझा काय चुकला रे, बाबू?"

मी म्हणालो, "वेळ लागेल, असं तो साधू म्हणाला होता ना."

तिने मान हलवली. स्वतःची चूक शोधत राहिली. तिने का शोधावी? तिच्या हाताचा जाब मी द्यायचा आहे. मीच.