नाव विचारू नये

दोन फोन शेजारी ठेवून बसलोय. वेबपेज माझंच, पण एका ब्राउझरमध्ये 'पाठवा'चं बटण दिसतं, दुसऱ्यात गायब. ब्राउझरला नाव विचारून उपयोग नसतो. जो तो आपल्या नावाला दुसऱ्याचं नाव चिकटवून सांगतो. म्हणून पेज चालवणारी माझी स्क्रिप्ट हल्ली नाव विचारतच नाही. 'हे तुला जमतं का?' एवढंच विचारते, आणि जमत असेल तरच काम सोपवते.

हा संशय आता माणसांपर्यंत पोचलाय. 'आपलाच समजा' म्हणणाऱ्याकडे मी जरा रोखूनच बघतो.

काल फोनवर आईला म्हटलं, "काळजी कशाला करतेस? मी आहे ना!"

"आहेस रे. पण मंगळवारी डोळ्याच्या ऑपरेशनला यायला जमेल का, तेवढं सांग."