सगळ्यांनाच शाब्बास

ये, इकडे सरक. अजून जवळ. आणि तो फोन आधी पालथा ठेव. मी बोलून राह्यली अन् तू त्याच्यात डोकं घालून, हे काही बरं नाही बाई. माझ्या सख्ख्या बहिणीची नात तू, डीएडला लागली म्हणून काय झालं? सकाळी तू चहा पिताना म्हणालीस, "आजी, आता कम्प्युटरच सांगते, कोणत्या लेकराले येते अन् कोणाले नाई." तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून ऐक.

मुलचेऱ्याकडच्या आमच्या गावच्या शाळेत मी खिचडी शिजवते, हे तुला ठाऊकच आहे. लहानपणी मी शाळेत बसले नाही. मिठाच्या पुड्या, तेलाचे डबे, त्यांच्यावरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले. म्हणून कोणाला खरंच वाचता येतं आणि कोण नुसतं तोंड हलवतं, ते मला लगेच कळतं. माझी नात गेल्या वर्षी दुसरीत होती. तिला वाचता येत नव्हतं, आणि त्याच काळजीनं मला घेरलं होतं.

दिवाळीनंतर शाळेत एक शिकाऊ मॅडम आली. तुझ्याच वयाची, बल्लारपूरची. शाळेतला एकुलता एक कम्प्युटर तोवर चादर पांघरून कोपऱ्यात पडून होता. तिनं तो पुसला, सुरू केला आणि त्यात वाचनाचा खेळ घातला. पडद्यावर चित्र यायचं, खाली तीन शब्द. बरोबर शब्दावर माउस दाबला की आतून बाईचा आवाज, "शाब्बास!" आणि त्या लेकराच्या नावापुढे हिरवी चांदणी.

माझी स्वयंपाकाची खोली वर्गाला लागून. तांदूळ निवडताना मला सारखं ऐकू यायचं, शाब्बास, शाब्बास, शाब्बास. चुकत कोणीच नव्हतं. चारपाच दिवसांत माझ्या नातीच्या नावापुढेही दहाच्या दहा चांदण्या! मला काही ते पचेना.

एक दिवस जेवणं झाल्यावर मी तिला आहाराच्या फळ्यापुढे उभं केलं. "वाच."

"खिचडी," ती पटकन म्हणाली.

"ते तू खाऊन आली म्हणून सांगून राह्यली. फळ्यावर कालचंच आहे, मटकीची उसळ."

ती खाली मान घालून हसली. मला मात्र हसू आलं नाही. आधी संशय मशीनवर गेला, मग मॅडमवर. तिच्या कॉलेजच्या मोठ्या मॅडम पाठ बघायला येणार होत्या. वाटलं, फाइल छान दिसावी म्हणून हीच मागून चांदण्या लावत असेल.

मी सरळ जाऊन म्हटलं, "मॅडम, तुमचा हा डब्बा खोटं बोलून राह्यला."

"आजी, कम्प्युटर खोटं नाई बोलत. तुम्ही तिकडे पाहा, खिचडी खाली लागून राह्यली."

खिचडी खरंच लागली होती, म्हणून त्या दिवशी मी आधी चुलीकडे पळाले. दुसऱ्या दिवशी भांडं लवकर उतरवलं आणि पळी हातात घेऊन खिडकीशी उभी राहिले. मॅडम पाठमोरी, तिसरी-चौथीला फळ्यावर गणित शिकवत होती. कम्प्युटरपुढे लहान पोरांची रांग, आणि माउसपाशी चौथीतली एक मोठी पोरगी. एकेक लेकरू यायचं, शेजारी बसायचं. ती त्याचं नाव उघडायची, फटाफट दाबायची, शाब्बास ऐकून लेकरू खुश होऊन उठायचं. पुढचं यायचं. ना ढकलाढकली, ना आरडाओरडा.

मी आत शिरले. "काऊन वं, सगळ्यायचं तूच करून राह्यली?"

तिनं माउस सोडून वर पाहिलं. "आजी, तुम्हीच त सांगतलं. मोठ्यायनं वाढायचं, लहान्यायनं बसून घ्यायचं. लहान्यायच्या हातानं सांडते."

नियम माझाच होता. खिचडी गरम असते, लहानांचे हात पोळतात, म्हणून चौथीच्या मुलींनी वाढायचं, हे मीच त्यांना लावलेलं वळण. त्यांनी शाब्बासही तसंच वाढलं. लबाडी कोणाच्याच मनात नव्हती.

आवाज ऐकून मॅडम फळ्याकडून आली, तिला मी त्या चांदण्या पुसायला सांगितल्या, तसा तिचा चेहरा उतरला. "आजी, हे पुसलं त माझ्या फाइलीत काईच नाई राहत. मोठ्या मॅडम सोमवारी येऊन राह्यल्या."

"तुमची फाइल तुम्ही पाहा," मी म्हटलं. "पण माझी नात अशीच तिसरीत गेली, त तिले कोण शिकवन?"

मॅडमनं मोठ्या पोरीला उठवून माउस आपल्या हाती घेतला. मग एकेक करून सगळ्या चांदण्या पुसल्या आणि माझ्या नातीला एकटीला पुढे बसवलं. त्या दिवशी पोरीला एकच चांदणी मिळाली. रडत माझ्याकडे आली. मॅडमवर माझा अजूनही भरवसा बसला नव्हता, म्हणून मी रोज खिडकीशी जायची. पण ती खरंच बोट ठेवून, अक्षर बोलायला लावून मगच माउस दाबू द्यायची.

सोमवारी मोठ्या मॅडमनी पाहिलं तेव्हा माझ्या नातीचे दहातले चारच शब्द बरोबर. त्यांनी विचारलं, "बाकी शाळांत सगळ्यांचे पूर्ण आहेत, इथे एवढे कमी कसे?"

शिकाऊ मॅडम म्हणाली, "हे चार तिचे स्वतःचे आहेत, मॅडम."

मोठ्या मॅडमनी वहीत काय लिहिलं, मला कळलं नाही. शिकाऊ मॅडम पास झाली, मार्क मात्र कमी पडले म्हणे.

माझी नात आता तिसरीत आहे, धडे वाचते. पण माझ्याही बोलण्यावर जाऊ नको, आज्या नातींचं वाढवूनच सांगतात. तुझी परीक्षा आटोपली की ये. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून शुक्रवारीच मुक्कामाला ये. तिच्या शेजारी बस, तिनं कधी न पाहिलेलं पुस्तक तिच्या हातात दे, आणि तुझ्या कानांनी ऐक. लवकर ये बरं.