ढगे गुरुजींची पाळी

रविवारीही ढगे गुरुजी शाळेचं फाटक उघडत. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन हैदराबादला. अल्लीपूरजवळच्या त्या गावात भाड्याची एक खोली आणि आमची द्विशिक्षकी शाळा, एवढाच त्यांचा संसार. मी नवी रुजू झाले तेव्हा विचारलं, तर म्हणाले, "घरी बसून काय करू, मॅडम? भिंती काई बोलत नाई."

मुलं अवघी बारा आणि कडुनिंबाला झोका एक. दिवसातून दहा तक्रारी यायच्या. "गुरुजी, थो उतरूनच नाई राह्यला!" गुरुजी वैतागल्याचं सोंग करत उठायचे. "काऊन रे, तिले बसू दे ना!" म्हटलं की प्रकरण मिटलं. खरं तर त्या हाकांवरच त्यांचा दिवस जायचा. नियमांचा तक्ता लावू या, असं मी एकदा सुचवलं, तर दुखावलेच. "तक्ता कायले पाह्यजे? मी आहो ना!"

मग शेजारच्या गावची शाळा बंद झाली आणि तिथली एकोणीस मुलं आमच्याकडे आली. झोक्यापाशी रोज मारामाऱ्या. गुरुजी सोडवायला गेले, तर एक नवा मुलगा तोंडावर म्हणाला, "तुमी तं त्यायचेच गुरुजी." तेव्हा चौथीतली आरोही पुढे आली.

"गुरुजी, पयले आमाले सगळ्यायचं ठाऊक होतं. कोनाले चक्कर येते, कोन लवकर रडते. ह्यायचं काईच ठाऊक नाई, अन् ह्यायले आमचं. आता लिवूनच ठेवा लागते."

गुरुजींनी खडू तिच्या हाती दिला आणि बाजूला झाले. तासभर भांडून मुलांनी भिंतीवर लिहिलं: रांग लावायची, एकाला वीस झोके, मोजायचे मागच्यानं. मागचा भराभर मोजतो हे दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं, मग 'मोठ्यानं आणि हळू' अशी भर पडली. डी.एड.ला दोन वर्षं घालवून मला इतका चोख नियम सुचला नसता.

भांडणं थांबली आणि हाकाही थांबल्या. मधल्या सुट्टीत गुरुजी खुर्चीत बसून असायचे, कुणी येतंय का बघत. "पोरं शहाणी झाली, मॅडम. चांगलंच झालं." मला त्यांच्याकडे बघवत नसे.

निवृत्तीच्या दिवशी हार-नारळ झाल्यावर गुरुजी हळूच झोक्याच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. मुलं म्हणाली, "गुरुजी, तुमी पयले बसा." "नाई. नियम म्हंजे नियम." पुढच्या पोराचे वीस झोके त्यांनी मोठ्यानं, हळू मोजले. तेवढ्यात शाळा सुटली. "आता तुमचा नंबर," म्हणत तोही दप्तर घेऊन पळाला.

गुरुजींनी दोर धरला, मागे पाहिलं. "मोजाले कोनीच नाई," असं पुटपुटले आणि चपला घालून निघाले. त्याच आठवड्यात ते मुलीकडे गेले आणि वर्षाच्या आतच वारल्याचा तिचा फोन आला.

मी त्या दिवशी पाच पावलांवर वर्गाला कुलूप लावत होते. "बसा गुरुजी, मी मोजते," एवढं म्हणायला मला काय झालं होतं?