गवतातलं चर्च

कॅनडात, सस्काटूनला आमच्या शेजारी एक युक्रेनियन आजी राहते. हिवाळ्यात मी तिच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसते, ती मला खसखस भरलेला गोड पाव देते, आणि मी कंबर धरून तिच्याचकडे कंबरेची तक्रार करते. असं आमचं छान चाललंय.

मे महिन्यात ती म्हणाली, "मला माझ्या गावी नेशील का?" गाव कसलं, नकाशावरचं नुसतं नाव उरलंय. तिथे तिच्या वडिलांनी चार माणसांबरोबर लाकडी चर्च बांधलं होतं. तिचं लग्नही त्यातच झालं. पुढे माणसं शहरात गेली, छप्पर खचलं, आणि लोकांनी चर्च पाडून लाकूड नेलं. इतकी वर्षं तिथे गवतच होतं. आता जमीन विकली गेली होती आणि नवा मालक, एक शेतकरी, पहिल्यांदाच नांगर घालणार होता. त्याच सकाळी तो फोनवर तिला म्हणाला होता, "चर्चची जागा नक्की दाखवा, तेवढी सोडतो. पण उद्या ट्रॅक्टर लावतोय."

त्याचं म्हणणं रास्त होतं. तरी मला रागच आला. देवाची जागा का कुणाला अशी सिद्ध करून दाखवायची असते?

पोचलो, तर जिकडे बघावं तिकडे सपाट गवत. आजी थोडं इकडे जायची, थोडं तिकडे. "इथे असेल. नाही, तिथे झाडं होती." झाडंही कुणीतरी काढून टाकलेली. शेतकरी खुंट्या घेऊन पिकअपला टेकून उभा. अखेर आजी दमून गाडीत येऊन बसली. "मी गेले की इथे काही होतं हे सांगणारंही कुणी नाही," म्हणाली आणि रडायला लागली.

"चला, परत एकदा बघू," म्हणून मी तिला हाताला धरून उतरवलं आणि माझे बूट-मोजे काढून गाडीपाशी ठेवले. शेतकरी बघतच राहिला. आजी रडता रडता हसली. "अगं, आमच्या चर्चमध्ये बूट नाही काढत."

"तुमच्यात नसतील काढत," मी म्हटलं. "मला नाही जमत देवाच्या दारात पायताण घालून जायला. मग ते दार दिसो, नाहीतर न दिसो."

जमीन कसली गार होती! आमच्या सस्काचेवान प्रांताच्या हवेला मनातल्या मनात शिव्या घालत मी चालत होते, तेवढ्यात अंगठा असा ठेचकाळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. खाली बसून गवत उपटलं, तर आत दगड. चांगला मोठा, वरून सपाट. शेतकरी धावत आला. त्याने पहार आणून आजूबाजूला टोचून बघितलं आणि त्याच ओळीत दुसरा दगड लागला, मग कोपऱ्यावरचा. "जुन्या इमारती अशाच दगडांवर बसवायचे," तो म्हणाला.

आजीला काही सांगावं लागलं नाही. ती पहिल्या दगडापाशी उभी राहिली, पूर्वेकडे, जिकडे तोंड करून ते प्रार्थना करतात तिकडे वळली आणि चालायला लागली. इथे दार. इथे शेगडी, थंडीत सगळे हिलाच चिकटायचे. इकडे बायका, तिकडे पुरुष. तिथे समोर वेदी. ती बोट दाखवेल तिथे शेतकरी खुंटी ठोकत गेला. मी आपली अंगठा चोळत बसले होते, पण इतकी खुश मी कित्येक दिवसांत झाले नव्हते.

कापणीच्या सुमाराला आम्ही पुन्हा गेलो. चहूकडे पिकलेला गहू आणि मधोमध गवताचा हिरवा चौकोन. पण खुंट्या ठोकल्या होत्या त्याहून तो बराच मोठा होता. दाराच्या बाजूला तर केवढी तरी जागा सोडलेली.

"इकडे एवढं कशाला सोडलंत?" मी शेतकऱ्याला विचारलं.

त्याने मान खाजवली. "प्रार्थना संपल्यावर माणसं लगेच घरी जातात होय? दाराबाहेर उभं राहून गप्पा मारायला नको का जागा?"

आजीने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली आणि त्याला जवळ बोलावून विचारायला लागली, तू मूळचा कुठला, घरी कोण कोण असतं, यंदा पाऊस कसा झाला.