आईवालं गाणं

मला एक खोड आहे. गाणं कानावर पडलं की ते मुळात कोणाचं, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. फुलचूरला आमच्या घरासमोरून वरात जाते तेव्हा लोक नवरदेव पाहतात आणि मी बँडवाल्याला गाठते, "भाऊ, हे कुठून शिकलात?" तो म्हणतो, मोबाइलवरून. मोबाइलवर पाहावं तर ते रिमिक्सचंही रिमिक्स निघतं. "तुला नाचायचं आहे का पंचनामा करायचा आहे?" असं माझा धाकटा भाऊ वैतागून विचारतो.

त्याच्याच लग्नाची ही गोष्ट. हळदीला थोडे दिवस उरले होते. आईने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "मी नाचीन म्हणते. कोणाले सांगू नको."

बाबा गेल्यापासून आई कुठल्याच हळदीत पुढे आली नव्हती. कोणी बोलावलं तरी "तुम्ही करा बाई" म्हणून सरकायची. मोठी आई, म्हणजे माझी थोरली चुलती, तिला तोंडावर बोलली होती, "आता तू फक्त पाह्यचं."

गाणं आईने स्वतःच निवडलं होतं. एक जुनं हिंदी नाचगाणं, पण आमगावच्या कोण्या पोराने रिमिक्स केलेलं. धानाच्या रोवण्याला येणाऱ्या बाया मोबाइलवर तेच लावत, तिथून ते तिच्या कानात बसलं. सुरुवात मुळासारखीच. मग लय एकदम दुप्पट पळते, ढोल शिरतो आणि कडव्याच्या तोंडाशी तो पोरगा स्वतः ओरडतो, "आमगाव, हाथ उप्पर!" आईने तिथे दोन्ही हात वर करून एक गिरकी बसवली होती. काय सांगू, फार गोड घ्यायची.

माझी खोड जाते कुठे! मी त्या गाण्याचा माग काढला. मूळ सापडलं, आणि तेही कुठल्याशा परदेशी चालीवरून उचललेलं निघालं! मी आनंदाने आईला हिंदी गाणं ऐकवलं, "त्या पोराचा ओरडा यात नाही बघ, तो त्याने नंतर टाकला."

"टाकला म्हणजे? गाण्यातच हाये तो," आईने नाक मुरडलं. "हे कोणं बिघडवलं?"

हळदीला डीजेवाला गोंदियाहून आला होता. मी त्याला आमगाववालंच गाणं सांगितलं आणि आई मांडवाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बायकांच्या भुवया चढल्या. मोठी आई शेजारणीच्या कानाला लागली. आज ही मागे सरकली तर पुन्हा कधी पुढे येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

गाणं सुरू झालं. आई आधी लाजत नाचली, मग जरा मोकळी झाली. कडवं आलं, पण कोणी ओरडलंच नाही. ढोल नाही, लय तशीच संथ. आई अर्धे उचललेले हात घेऊन थांबली. डीजेवाल्याने मूळ गाणं लावलं होतं.

कोणीतरी फिसकन हसलं. मोठी आई म्हणाली, "झालं ना आता? ये, बस इकडं." मला इतका राग आला की रडूच फुटायचं बाकी होतं.

आई वळली. संपलं, मला वाटलं. ती तरातरा डीजेवाल्यापाशी गेली.

"काऊन रे बाबू, हे कोणतं गाणं लावून राहिला?"

"काकी, यही तो ओरिजिनल है. वो लोकलवाले का आवाज बॉक्स पे फटता है."

"फाटू दे. माझ्यावालं लाव."

तो मोबाइलमध्ये शोधू लागला. आई पदर खोचून त्याच्यासमोर उभी. बिचारा इतका गडबडला की वेळ वाचवायला त्याने गाणं जिथे अडलं होतं नेमकं तिथूनच लावलं. ढोल घुमला, बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला, मीही उठले.

आईने हात हलवून गाणं बंद करायला लावलं.

"मधून नको," ती म्हणाली. "पूरं नाचाले आली मी. पहिल्यापासून लाव."