गुलाबी दाराचं कुलूप

तांब्यात दोन बोटं बुडवायची, ती ओठांवरून फिरवायची आणि उरलेलं तांब्याभर पाणी बठ्ठंच्या बठ्ठं वांग्यांवर शिंपडून टाकायचं. सकाळी बाजार भरल्यापासून संध्याकाळी उठेपर्यंत अक्काचं पाणी पिणं म्हणजे एवढंच.

"अक्का, घे की घोटभर," मी म्हणायचो.

"वांगं सुकलं तं गिऱ्हाईक दूर पयते," ती म्हणायची. "मी सुकली तं कोन पयते रे?"

अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. पोतं अंथरून, पाय पोटाशी घेऊन दिवसभर एका जागी बसलेल्या. आपण वांगं दाबून बघतो, देठ बघतो, बाईकडे कुठं बघतो? मी तर तिच्या शेजारीच रिक्षा लावायचो आणि तरी मला दिसलं नाही. म्हणजे माझे डोळे किती कामाचे आहेत ते समजून घ्या.

अक्का असोद्याची. जळगावात गल्लोगल्ली असोद्याचं वांगं, भाव कोण देणार? म्हणून ती बस बदलून आमच्या आठवडी बाजाराला यायची. आमचं गाव धुळ्याच्या रस्त्याला. कालपर्यंत ग्रामपंचायत होती. मग एक दिवस मीच गावभर ओरडलो, की नागरिकांनो, अभिनंदन, आपलं गाव आता शहर झालं. ओरडून घरी आलो तर गटार तीच, डुकरं तीच. फक्त डुकरं आता शहरातली झाली होती.

मी भोंगेवाला. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, हातात माइक. शाळेत गेलो ते खायला सुकडी मिळायची तोवर. सुकडी बंद, शाळा बंद. त्यामुळे नगरपरिषदेतला बाबू मला कागद वाचून दाखवतो, मी पाठ करतो आणि ओरडतो. पाणी येणार नाही, लाईट जाणार आहे, साहेब येणार आहेत. बाबूचं तेवढंच बोललं तर लोक ऐकत नाहीत, म्हणून मध्ये मध्ये माझं घालतो. बाजाराच्या दिवशी तर मी फुकटच चालू.

"या, या, असोद्याची भरताची वांगी! विकणारी बाई उंटाच्या खानदानातली! एका तांब्यावर आठवडा काढते!"

बाजार हसायचा. शेजारची केळीवाली हसून हसून घडावर डोकं टेकायची. अक्काही पदर तोंडाला लावून हसायची. "मेल्या भोंग्या, कोन शिकवते रे तुले हे?"

कोण शिकवणार? शिकवलं असतं तर असं बोललो असतो का?

तर झालं असं. चौकात मोठ्या खांबावरचा दिवा लागणार होता. उद्घाटनाला एक मोठे साहेब येणार होते. ते सकाळी येणार होते, मग दुपारी, मग येतच होते. तोवर गर्दी धरून ठेवायचं काम माझं. स्टेजवर मी, खाली बठ्ठं गाव, आणि जो तो मला चहा पाजतोय. फुकटचा चहा मी कधी सोडला नाही. चौथ्या चहानंतर मी एका पायावर आलो. पाचव्यानंतर माझ्या बोलण्यात 'आपले लाडके नेते' इतक्यांदा आलं की मलाच रडू यायला लागलं. उतरायची सोय नाही. उतरलो की गर्दी पांगणार. लोकांना वाटलं मी नाचतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब आले, बटण दाबलं. मी माइक फेकून बाजाराच्या भिंतीकडे पळालो. परत आलो तेव्हा घाम पुसत होतो. अक्का टोपली बांधत होती.

"झालं का मोकयं?"

"वाचलो अक्का. जीव जात होता."

"तुमचं बरं आहे रे भाऊ. तुमाले बठ्ठं गाव मोरी."

मी हसलो. नंतर विचारलं, हसतच विचारलं, "मग तू कुठं जाते गं?"

"मी घरी जाते."

"नाही, पण इथं, दिवसभर..."

"घरी जाते म्हनलं ना." तिनं गाठ आवळली. "पानीच नही पेलं तं कुठी जायाचं काम काय पडते?"

केळीवाली दुसरीकडे बघायला लागली. मी भोंग्याची वायर गुंडाळायला घेतली, ती गुंडाळलेलीच होती. माझ्या घरात बायको आहे, दोन पोरी आहेत. पन्नाशीला आलेला माणूस, आणि तो उंटाचा विनोद मी कितीदा केला असेल!

पुढं केळीवालीकडूनच कळलं, की अक्काच्या ओटीपोटात कळा येतात, लघवीला आग होते, अंगात ताप असतो. जळगावच्या डॉक्टरनं एकच सांगितलं, पाणी पी, भरपूर पी, नाहीतर मूत्रपिंड जाईल. आणि पाणी प्यायलं तर बाजारात बसता येत नाही. बाजारात नाही बसली तर घरात काय? नवरा कधीचा गेलेला, मुलगा पायानं अधू, सून दुसऱ्याच्या शेतात. वांग्याची टोपली तीच काय ती.

तेवढ्यात नगरपरिषदेनं सभा ठेवली. नवीन शहराचा आराखडा करायचा, कोणती कामं पाहिजेत ते नागरिकांनी सांगावं. ओरडायला मीच होतो. मी अक्काला म्हटलं, "चल, तू ये आणि सांग. नगरपरिषदेचा मुख्याधिकारी साहेब स्वतः ऐकणार आहे."

"मी सांगू? त्या माणसांपुढी?" ती लाल झाली. खरंच, एवढी म्हातारी बाई, पण लाल झाली. "लाज नही वाटत का मले? तू सांग. तुले कुठी लाज आहे?"

केळीवाली म्हणाली, "हो ना. भोंग्याले लाज असती तं भोंगा घेतला असता का?"

म्हणून मी गेलो. माइकही माझाच होता, सभेला भाड्यानं दिलेला. मोठी माणसं एकामागून एक बोलली. कोणी म्हणे वेशीवर कमान पाहिजे, कोणी म्हणे बागेत कारंजं. माझा नंबर आला. मी उठलो तसे लोक आधीच हसायला लागले. माझा चेहरा बघूनच हसतात, सवय आहे.

मी म्हटलं, "साहेब, मुतारीचा विषय आहे."

हशा.

इथं थांबून मी 'बायांसाठी' म्हणायचं होतं. एकच शब्द. पण समोर बठ्ठे पुरुष, हसत माझ्याकडे बघतायत, आणि तो शब्द काही केल्या तोंडाबाहेर येईना. मलाही लाज आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि नको तिथं कळलं. मग तोंडात जे नेहमीचं असतं तेच आलं. म्हटलं, "आम्हा माणसांची सोय उत्तम आहे, साहेब. जिथं 'येथे लघवी करू नये' लिहिलंय तिथंच ती आहे. मला वाचता येत नाही, पण मी वासावरून बरोबर पोचतो."

सभा कोसळली. मुख्याधिकारी चष्मा काढून डोळे पुसायला लागले. लोक हसले की मला चढते, म्हणून मी आणखी दोन विनोद सांगितले. साहेब म्हणाले, "बसा बसा, मजा आणली तुम्ही. हं, पुढचा विषय." पुढचा विषय सेल्फी पॉइंटचा होता. तो पास झाला.

बाजाराच्या दिवशी अक्का वाटच बघत होती.

"बोल्ला का रे?"

"बोललो."

"मंग? काय म्हने साहेब?"

"हसले."

"हसले?" तिनं एक वांगं उचलून पदराला पुसलं. मग म्हणाली, "हसले म्हंजी मनावर घेतलं. चिडले असते तं नसतं केलं."



आणि गंमत बघा, झालं! वरून कसली तरी योजना आली आणि बाजाराच्या टोकाला बायांसाठी खोली बांधायला सुरुवात झाली. माझ्या बोलण्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पण अक्कानं बाजारभर सांगून टाकलं, की भोंग्यानं केलं. कोणी मला मिरच्या दिल्या, कोणी गिलकी दिली. केळीवालीनं फणी कापून रिक्षात ठेवली. अक्कानं निवडून निवडून वांगी दिली, बिनबियांची, हातात हलकी लागणारी.

घ्यायला नको होती, हे मला समजत होतं. मी घेतली. तुरीच्या काड्यांवर भाजून भरीत केलं, कळण्याच्या भाकरीबरोबर दाबून जेवलो. बायको म्हणाली, आज गप्प गप्प का? म्हटलं तोंडात घास आहे.

खोली झाली. गुलाबी रंग, दारावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र, आणि कडीला कुलूप. उद्घाटनाशिवाय आमच्याकडे काही उघडत नाही. पाण्याची नवी टाकी अशीच भरलेली उभी होती, खाली बाया हंडे घेऊन. दिव्याचं बटण दाबणाऱ्या मोठ्या साहेबांची तारीख मिळत नव्हती.

अक्काची जागा नेमकी त्या दाराच्या समोर. ती वांगी विकायची आणि कुलपाकडे बघायची.

"कधी उघडते रे भोंग्या?"

"तारीख मिळाली की."

"आमाले दोन घडी जाऊन यायाचं. त्याले तारीख कशाले पाह्यजे?"

मी बाबूकडे गेलो. म्हटलं, निदान बाजाराच्या दिवशी किल्ली द्या. बाबू माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याच्या घराचीच किल्ली मागितली. "अरे, आधीच वापरायला लागल्या तर घाण होणार. साहेब फीत कापायला आले आणि वास आला तर? नोकरी कोणाची जाईल?"

"बाया आजारी पडताहेत भाऊसाहेब."

"आज काय नवीन काढलंस?" तो हसायला लागला. त्याला वाटलं पुढं विनोद येणार. तो वाट बघत राहिला आणि मी जिना उतरलो. कुलूप तोडायचं मनात आलं होतं, खोटं नाही सांगत. पण भोंग्याचं काम त्या कचेरीचंच. घरी आलो, जेवलो, झोपलो.

मग अक्का एका बाजाराला आली नाही. पुढच्यालाही नाही. आणि तारीख मिळाली.

उद्घाटनाला माइकवर मीच. साहेबांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि हारतुरे घेतलेले बठ्ठे पुरुष फोटो काढायला त्या बायांच्या खोलीत शिरले. एवढे शिरले की दोघं-तिघं बाहेरच राहिले. बाया लांब, टोपल्यांमागे, पदर पुढं ओढून उभ्या. मी माइकवर म्हटलं, "पुरुषांनी बाहेर या. ज्यांच्यासाठी बांधलीय त्यांना जाऊ द्या." मनापासून म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मनापासून काही म्हटलं असेल. आतले पुरुष खो-खो हसले. एक जण म्हणाला, "भोंग्या आज फॉर्मात आहे!"

दुसऱ्या दिवशी मी असोद्याला गेलो. अक्का ओट्यावर खाटेवर होती. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले. मला बघून उठायला लागली.

"उघडलं का रे?"

"उघडलं, अक्का."

"कसं आहे?"

"गुलाबी. आत फरशी, नळ, सगळं."

"आतून कडी आहे का पन?" तिनं माझा हात धरला. "माणसायचा बाजार आहे तो. कडी नसली तं एक बी बाई जायाची नही, सांगून ठेवते."

मी दार फक्त बाहेरून पाहिलं होतं. म्हटलं, "आहे."

"घट्ट बसते?"

"घट्ट बसते."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि सुनेला हाक मारली, की भोंग्याले च्या ठेव, लांबून आला.

पुढच्या बाजाराला केळीवालीला विचारलं, "काय म्हणते तुमची खोली?"

"कोन जाते तिथं? आतून कडीच नही. एकीनं बाहीर दार ओढून धरायचं तवा दुसरीनं जायाचं." तिनं शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "माह्यं दार अक्कानं धरलं असतं. आता कोन धरीन?"

"येईल की बरी होऊन."

"तुले नही माहीत?" ती म्हणाली. "परवा गेली अक्का."

तिच्या जागेवर कोणी पोतं अंथरलं नव्हतं. मी रिक्षा तिथून हलवली. मग पुन्हा तिथंच लावली.

बाजार उठल्यावर हार्डवेअरच्या दुकानातून एक कडी घेतली, पेचकस मागून घेतला आणि इकडे तिकडे बघत चोरासारखा त्या खोलीत शिरलो. दार लोटून घेतलं, एका पायानं दाबून धरलं आणि अंधुक उजेडात स्क्रू पिळायला लागलो. सुताराचं काम मला येत नाही. दोन स्क्रू वाकडे गेले, बोट सोललं.

बाहेर कोणी तरी खाकरलं.

"कोन आहे आत?"

केळीवाली होती. बठ्ठं गाव माझा आवाज ओळखतं. अंधारात, लग्नात, मयतीत, कुठंही. मी तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. बायांच्या खोलीत पाय अडवून उभा असलेला माणूस काय सांगणार, मी कोण?

ती गेली नाही. तिथंच थांबली. मी शेवटचा स्क्रू कसाबसा बसवला, दार उघडलं आणि मान खाली घालून बाहेर आलो. तिनं माझ्या हातातला पेचकस पाहिला. मग दार पाहिलं.

"लागली का?"

मी मान हलवली.

ती आत गेली. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. एकदा अडकली, मग बसली. घट्ट बसते की नाही ते ऐकत मी उभा राहिलो, आणि मग ध्यानात आलं की आपण बाईमाणसाच्या दाराला कान लावून उभे आहोत. तसाच पळालो, रिक्षा तिथंच सोडून.