दिवे लागल्यावरचा पाला

लहानपणापासून मला बघितलं की बायकांचं एक वाक्य ठरलेलं. "आई खायला घालत नाही का गं?" विचारायचं मला, बघायचं मात्र आईकडे. लग्न असो, हळदीकुंकू असो, नाहीतर पनवेलच्या बाजारात उभ्या उभ्या झालेली भेट असो. आई कसनुसं हसायची आणि घरी आली की माझ्या ताटात आणखी एक तांदळाची भाकरी टाकायची. मी खायचे हो, नाटकं नव्हती माझी. पण अंगाला लागेल तर शपथ! सगळ्यांत पुढे माझी आजी, वडिलांची आई. चारचौघांत म्हणायची, हिच्या हाताला गुणच नाही, पोर बघा कशी काडी झालीय. आजी गेली तेव्हा मी कॉलेजात होते आणि खोटं कशाला बोलू, मला फारसं रडू आलं नाही.

एम.एस्सी.ला मी प्रकल्प घेतला लिंबाच्या फुलपाखरांवर. काळी-पिवळी असतात, कढीपत्त्यावरही अंडी घालतात. विमानतळ येणार येणार म्हणून तेव्हा अख्खं गाव जमिनींच्या गोष्टी करत होतं आणि मी अळ्यांच्या. सरांनी सांगितलं, निम्म्या अळ्या प्रयोगशाळेत वाढव, निम्म्या घरी. त्यांची फुलपाखरं झाली की अंडी घे आणि ती दुसरी पिढी मात्र सगळी प्रयोगशाळेतच वाढव. दोन्ही पिढ्यांचे कोष तोलायचे आणि लिहून काढायचं, एवढंच काम.

घरी अळ्या मिठाईच्या डब्यांत होत्या आणि कढीपत्ता अंगणातच होता. सकाळचा पाला मी घालायचे. दुपारी कॉलेज, संध्याकाळी नवीन पनवेलला शिकवण्या, म्हणून संध्याकाळचा पाला आईकडे दिला होता. तिला बजावलं होतं, सात वाजता घालायचा, ताजाच हवा, आधी तोडून ठेवलेला मला चालणार नाही. अळी म्हणजे नुसतं पोट, सारखं खायला लागतं. आल्यावर मी विचारायचे, घातलास पाला? ती मान हलवायची. मी काही डबे उघडून बघत नव्हते. आईवर कोण अविश्वास दाखवतं?

घरच्या अळ्यांचे कोष बारके निघाले. सर म्हणाले, घरी गरम होत असेल. फुलपाखरं झाली तशी गच्चीवर जुनी मच्छरदाणी टांगून त्यात सोडली, अंडी मिळाली, ती प्रयोगशाळेत नेली. आता सगळं सारखं झालं. तेच टेबल, तोच पाला, घालणारे तेच प्रयोगशाळेतले शिपाईमामा. माझ्यासमोर डबे भरभरून घालायचे ते. तरीही घरच्यांची पिलावळ बारकीच. काही तर कोषापर्यंत पोचल्याच नाहीत.

सरांनी कागद बघितला आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, पोटभर खाणारी अळी बारकी राहतेच कशी? आकडे घरी बसून पाडलेत वाटतं. सही करणार नाही म्हणाले. पोटभर खाऊन काडी राहिलेली मी त्यांच्या पुढ्यातच उभी होते, पण तेव्हा ते माझ्याही डोक्यात आलं नाही. डोक्यात नुसती आग होती. वर्ष जाणार होतं माझं.

शिकवण्यांना दांडी मारून सरळ घरी आले. ठरवलं, पहिल्यापासून परत सगळं करायचं. तिन्हीसांजेची वेळ, आई तुळशीपाशी दिवा लावून उठत होती. तिला म्हटलं, दोन फांद्या तोड, नवीन अंड्यांसाठी पाला बघून ठेवते.

"आता नाय," ती म्हणाली. "दिवे लागल्यावर झाड निजतं. निजल्या झाडाला हात नाय लावायचा."

मी विचारलं, मग मागच्या वेळी? तर म्हणाली, मागच्या वेळी पण नाही. रोज सकाळपर्यंत डबे तसेच. आणि माझ्या तोंडाला घाबरून मान हलवायची! माझा तोल गेला. वर्ष बुडवलंस म्हणाले, त्यांची पोरंसुद्धा बारकी निघाली म्हणाले, अडाणी म्हणाले, आणि शेवटी ओरडले, "उपाशी मारलंस तू त्यांना!"

ती कसनुसं हसली. हळदीकुंकवात हसायची अगदी तसं. मी काय बोलले ते मला तेव्हा कळलं, पण तोंडातून गेलं ते गेलं.

ती पायरीवर टेकली. मग तिने विचारलं, त्यांच्या पोरांना तरी पोटभर मिळालं होतं ना? हो म्हटलं. तरी बारकीच झाली? हो.

"तुझ्या वेळी मला सातवा लागला," ती म्हणाली, "तवापासून रातचं नुसती पेज. तुझी आजी सांगायची, रातचं खाल्लं का पोर मोठं होतं, बाळंतपण अडतं. मी भात मागायची तर टोपावर झाकण ठेवायची. मग तू झालीस, तर तीच सगळ्यांना सांगत फिरली, ही पोरीला खायला घालीत नाय."

मला आजीचा भिंतीवरचा फोटो उचलून गटारात टाकावासा वाटला. बावीस वर्षं या बाईने माझ्या ताटात भाकऱ्या टाकल्या, बावीस वर्षं लोकांनी तिचीच अब्रू काढली, आणि त्यात शेवटचा दगड मी मारला. भांडायचं तर कोणाशी? जिच्याशी भांडायचं ती मरून मोकळी झाली होती.

अहवालात मी सगळं खरं लिहिलं. सर म्हणाले, दिवे आणि झाडाची झोप काढून टाक, हसतील लोक. मी म्हटलं, हसू देत, काढणार नाही. मग त्यांनीच प्रयोगशाळेतल्या थोड्या अळ्यांचा संध्याकाळचा पाला बंद करून बघितला. त्या अळ्यांचीही पोरं बारकीच निघाली. सही केली, माफी मात्र मागितली नाही. ते जाऊ दे.

अहवाल आईला वाचून दाखवला. इंग्रजीतला होता, मी मराठीत सांगत गेले. ती शेंगा सोलत ऐकत होती. "पहिल्या पिढीला संध्याकाळनंतर अन्न मिळाले नाही. दुसऱ्या पिढीला पोटभर अन्न दिले होते, तरी ती लहान राहिली." तिचे हात थांबले.

"ते परत वाच," ती म्हणाली. "पोटभर दिलं होतं, ते."

मी परत वाचलं.